रुंद टायर आणि कॉइलओव्हर : आधी चाक वर कुठवर जातं ते मोजा

तुमची माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. गाडी चार बोल्टची हॅचबॅक. कंपनीचे टायर १८५/६५ आर१५ (१८५ मिमी रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, १५ इंची रिमसाठी), रिम ६ जे (६ इंच रुंद) आणि ईटी ४५ (रिमचा मध्य हबपासून किती मिमी आत, ते माप). कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा, सेट घेऊन झालाय, पुढची स्प्रिंग ५ किलो प्रति मिमी (५ किलो भाराला १ मिमी दबणारी), मागची ४. आता १७ इंची, साडेसात जे, ईटी ३५ चे रिम आणि त्यावर २१५/४५ आर१७ टायर घ्यायचं मनात आहे. रोजचं विजयनगर ते पीथमपूर जाणं-येणं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी आई-बाबांना घेऊन ओंकारेश्वर. तुम्ही विचारलंय की टायर न घासता गाडी किती खाली घेता येईल.

इंदुरात गेली २२ वर्षं मी अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचंच काम करतोय, आणि हा प्रश्न बहुतेक जण याच शब्दांत विचारतात. पण यातला मिमीचा आकडा मी लगेच सांगितला तर तो तुमच्या कामाचा नाही. उभ्या गाडीत टायर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांमध्ये किती बोटं जागा आहे, त्यावरून टायर घासणार की नाही ते कळत नाही. चाक खड्ड्यातून वर येतं तेव्हा ते शेवटी कुठे थांबतं, आणि त्या जागी त्याला मोकळीक आहे का, हे बघावं लागतं. चाक कुठे थांबणार हे ठरतं शॉकअपची पूर्ण दबलेली लांबी आणि बंपस्टॉप (चाल संपताना धक्का झेलणारा रबरी तुकडा) यांवर. गाडीच्या उंचीवर नाही.

इथे तुमचा सेट कोणत्या प्रकारचा आहे ते महत्त्वाचं. एका प्रकारात शॉकअपच्या अंगावर आटे असतात आणि स्प्रिंगखालची कॉलर वर-खाली फिरवून उंची बदलते. शॉकअपची लांबी तीच राहते. अशा सेटवर गाडी १० मिमी खाली घ्या नाहीतर ४० मिमी, चाक जास्तीत जास्त जिथवर वर जाऊ शकतं ती जागा एकच. फरक इतकाच की ४० मिमी खाली असलेली गाडी त्या जागी दिवसातून वीसदा पोचते आणि १० मिमीवाली महिन्यातून एकदा. दुसऱ्या प्रकारात खालचा ब्रॅकेटही आट्यांवर असतो, त्यामुळे शॉकअपची एकूण लांबीच कमी-जास्त होते. लोक याला जास्त चांगला समजतात, कारण गाडी खाली घेऊनही शॉकअपची चाल शाबूत राहते. ते खरंच आहे. पण चाल शाबूत राहिली याचा अर्थ चाक आर्चमध्ये, म्हणजे वरच्या कमानीत, तितकंच आणखी वर शिरणार. ब्रॅकेट ३० मिमी आत घेतला तर टायर पूर्वीपेक्षा ३० मिमी वर जाईल, आणि तिथे लायनर (कमानीचं आतलं अस्तर) किंवा पत्रा असेल तर तो टायरला भेटणारच. रुंद टायरवाल्यांना हा महागडा सेट जास्त त्रास देतो तो यामुळे.

आता रिमचा हिशोब. तो कागदावर दोन मिनिटांत होतो, तरी दहातले आठ जण तो न करताच पैसे देऊन मोकळे होतात. ६ जे म्हणजे रिम आतून १५२.४ मिमी रुंद, निम्मी ७६.२. ईटी ४५ म्हणजे रिमचा मध्य हबच्या तोंडापासून ४५ मिमी आत. म्हणून आतली कड ७६.२ अधिक ४५, म्हणजे १२१ मिमी आत, आणि बाहेरची कड ७६.२ उणे ४५, म्हणजे ३१ मिमी बाहेर. तुमच्या मनातला रिम साडेसात जे, निम्मी रुंदी ९५.२५. ईटी ३५ धरून आतली कड १३० आणि बाहेरची ६०. म्हणजे चाक आत ९ मिमी सरकलं आणि बाहेर तब्बल २९ मिमी.

टायरचं पोट रिमच्या कडेबाहेर येतं, म्हणून टायरवरूनही हिशोब करून बघतो. ६ जेवर १८५ चा टायर साधारण १९४ मिमी भरतो, साडेसात जेवर २१५ चा साधारण २१८. त्यावरून आतल्या बाजूला जेमतेम २ मिमी जागा जाते, बाहेर मात्र २२ मिमी. तेव्हा शॉकअपला टायर लागेल ही जी काळजी तुम्ही लिहिलीय ती तशी किरकोळ आहे. तुमची खरी अडचण फेंडरची किनार आणि पुढचा लायनर ही आहे.

बाहेर सरकण्याची किंमत घासण्यापुरतीच नसते. ईटी १० ने कमी केला की टायरचा मध्य स्टिअरिंगच्या अक्षापासून तितकाच बाहेर जातो. मग एका बाजूचं चाक खड्ड्यात पडलं किंवा वाळूवर ब्रेक लागला तर स्टिअरिंग हातात ओढ घेतं. कंपनीने ती भूमिती नीट विचार करून ठेवलेली असते. बेअरिंगवरचा ताणही वाढतो. चार-पाच मिमीचा फरक मी चालवून घेतो, १० च्या पुढे मला स्वतःला आवडत नाही.

मागे एकदा माझ्याच हातून घडलेलं सांगतो. साधारण अशाच मापाचे रिम आणि खाली घेतलेली गाडी, मी सगळं बसवून, रिकाम्या गाडीत दोन माणसं घेऊन, रिंग रोडवर चालवून बघितली. कुठे काही लागलं नाही. गाडी दिली. पुढच्या आठवड्यात ते कुटुंब पाच जण आणि सामान घेऊन ओंकारेश्वरला निघालं. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात, उतारावरच्या वळणात, मागच्या फेंडरची आतली धारदार किनार टायरच्या खांद्यात बसली आणि टायर चार बोटं लांब चिरला. घाटात ट्रकांच्या मध्ये त्यांना चाक बदलावं लागलं. कोणाला इजा झाली नाही, पण ती चूक पूर्णपणे माझी होती. मी रिकामी गाडी तपासली होती. त्या दिवसापासून स्प्रिंग काढून तपासल्याशिवाय एकही गाडी मी दिलेली नाही.

भरलेल्या गाडीचा साधा हिशोब बघा. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान मिळून एका मागच्या चाकावर समजा १०० किलो वाढले. कंपनीची स्प्रिंग चाकाशी मोजून २ किलो प्रति मिमी असेल तर गाडी ५० मिमी बसेल. तुमची ४ ची स्प्रिंग, स्प्रिंग चाकापाशीच आहे असं धरून, २५ मिमी बसेल. कडक स्प्रिंगचा हा खरा फायदा आहे. पण तुम्ही गाडी आधीच ४० मिमी खाली घेतली असेल तर २५ ची बचत केव्हाच संपली.

तपासायची माझी पद्धत सांगतो. घाई नसलेल्या दिवशी करायचं काम आहे, एका चाकाला तासभर जातो. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) पक्की ठेवायची, एकट्या जॅकवर कधीच नाही. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड) काढून त्यातली स्प्रिंग बाजूला करायची, बंपस्टॉप तसाच ठेवून स्ट्रट परत बसवायचा. चाक चढवायचं आणि लोअर आर्मखाली (चाक गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याखाली) दुसरा जॅक लावून हळूहळू वर घ्यायचं. बंपस्टॉप चांगला दबेपर्यंत घ्यायचं, गाडी घोडीवरून हलकी होतेय असं वाटलं की तिथेच थांबायचं. आता चाक जिथे आहे ती त्याची सर्वात वरची जागा. तिथे स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवायचं. टायर आणि स्ट्रटच्या मध्ये, लायनरला, फेंडरच्या किनारीला मऊ मातीचे गोळे चिकटवून ठेवायचे आणि नंतर दबलेला थर व्हर्नियरने मोजायचा. मी गणपतीनंतर उरलेली शाडूची माती भिजवून डब्यात ठेवतो, तीच वापरतो. मुलांचा खेळायचा क्लेही चालतो. स्ट्रटच्या बाजूला मला ५ ते ६ मिमी पुरतात, कारण स्ट्रट आणि चाक एकत्रच हलतात. फेंडर आणि लायनरकडे मात्र १० मिमीखाली मी जात नाही, कारण वळणात टायर स्वतः वाकतो.

मागे तुमच्या गाडीला टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असेल तर दोन्ही चाकं एकत्र वर घेऊन एकदा आणि एकच चाक वर घेऊन एकदा, असं दोनदा बघा. एकच चाक वर गेलं की बीम पिळला जातो आणि चाक आर्चमध्ये थोडं तिरकं शिरतं. भेरूघाटात झालं ते हेच.

आता कॅम्बरबद्दल, कारण यात चांगले चांगले मेकॅनिकही गल्लत करतात. फेंडरपासून टायर आत घ्यायला निगेटिव्ह कॅम्बर देतात, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कलवतात. तो स्ट्रटच्या वरच्या टोकाला, कॅम्बर प्लेटने दिला तर स्ट्रट आणि चाक दोन्ही एकत्र कलतात. त्यामुळे टायर आणि स्ट्रटमधली फट तशीच राहते आणि फेंडरकडची जागा वाढते. तोच कॅम्बर खाली, स्ट्रट जिथे नकलला (हब धरणाऱ्या भागाला) जोडतो त्या दोन बोल्टांतून दिला, तर फक्त चाक कलतं आणि टायरचा वरचा भाग स्ट्रटच्या अंगावर येतो. वरून दिलेल्या दीड डिग्रीला काही होत नाही आणि खालून दिलेल्या दीड डिग्रीला टायर स्प्रिंगच्या कॉलरला घासतो, हे मी किती वेळा पाहिलंय. तुमच्या सेटबरोबर कॅम्बर प्लेट असेल तर सगळं काम तिच्यावरच करा. पुढे दीड डिग्रीपेक्षा जास्त रोजच्या गाडीला नको. टायर आतून खाल्ला जातो त्याचा दोष लोक कॅम्बरला देतात. मी उघडलेल्या बहुतेक गाड्यांत तो दोष ‘टो’चा, म्हणजे वरून बघता चाकं पुढून आत की बाहेर वळलेली आहेत त्याचा, निघालाय. उंची बदलली की टो बदलतो, आणि अलाइनमेंट न करता हजार-दोन हजार किलोमीटर गाडी पळवली की टायरची आतली कड गेलीच.

उंची किती ठेवायची हे सगळं मोजून झाल्यावर ठरतं. पुढच्या एका चाकावर, सस्पेन्शनच्या वरचा भार समजा २८० किलो. ५ ची स्प्रिंग त्याखाली ५६ मिमी दबते. शॉकअपची एकूण चाल १२० मिमी असेल तर खाली लोंबायला ५६ आणि वर जायला ६४ उरले, त्यातलाही काही भाग बंपस्टॉपचा. स्प्रिंगला १० मिमी प्रीलोड दिला, म्हणजे कॉलरने ती आधीच तेवढी दाबून ठेवली, तर गाडी तितकी उचलते, वर जायला ७४ आणि खाली ४६ मिळतात. आपल्या रस्त्यांना ही वाटणी बरी. एक गैरसमज इथेच दूर करतो. प्रीलोड वाढवल्याने साधी सरळ स्प्रिंग कडक होत नाही, ती ५ चीच राहते, फक्त गाडी चालीच्या कोणत्या भागात उभी राहते ते बदलतं.

एक मर्यादा डोळ्यांनीच बघता येते. सपाट जमिनीवर गाडी उभी करून वाकून लोअर आर्म बघा. त्याचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलेलं दिसलं तर गाडी जास्तच खाली आलीय. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत उंची कमी झाली की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) त्याहून वेगाने खाली जातो, आणि गाडी खाली असूनही वळणात जास्त झुकू पाहते. मग ते झाकायला लोक आणखी कडक स्प्रिंग मागतात. टाय रॉडचा कोन बिघडून खड्ड्यावर चाक आपोआप वळायला लागतं ते वेगळंच. माझ्या अनुभवात अशा हॅचबॅकमध्ये ही हद्द २५ ते ३० मिमीच्या आसपास येते. गाडीगणिक फरक पडतो, म्हणून आर्म बघूनच ठरवा.

रस्त्यांचाही विचार करा. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झाला, ११.३ किलोमीटरचा. तसा रस्ता असता तर मीही तुम्हाला हवी तितकी खाली करून दिली असती. पण तुमचं रोजचं जाणं त्याच्या कुंपणाबाहेरून आहे. स्पीडब्रेकरचं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असं आहे. आपल्या कॉलन्यांतले उंचीला तितकेच आणि रुंदीला त्याच्या पाव भागही नसतात. त्यांवर गाडीचं पोट आपटतं, आणि आई-बाबा मागच्या सीटवर असतात.

म्हणून माझा सल्ला, मागितला नसला तरी, असा की हे १७ इंची रिम घेऊ नका. १६ इंची, साडेसहा जे, ईटी ४२ च्या आसपासचे बघा आणि त्यावर १९५/५५ आर१६. कंपनीच्या टायरचा एकूण व्यास ६२१.५ मिमी, याचा ६२०.९. मीटर, गिअर, एबीएस कोणालाच फरक कळत नाही. रिमची कड आत ३ मिमी आणि बाहेर ९ मिमी सरकते, फेंडरला हात न लावता बहुतेक वेळा बसतं. बाजूची भिंत १२० ऐवजी १०७ मिमी, म्हणजे खड्ड्यात रिम वाचायला अजून रबर शिल्लक आहे. २१५/४५ आर१७ मध्ये ती ९७ वर येते, आणि वाकलेले रिम माझ्याकडे येतात ते बहुतेक याच वर्गातले.

टायर घेताना त्यावरचा भाराचा आकडा जरूर वाचा. तुमच्या कंपनीच्या टायरवर ८८ असेल, म्हणजे एका टायरला ५६० किलो. १९५/५५ आर१६ साधा घेतला तर अनेकदा ८७ मिळतो, ५४५ किलो. रुंद टायर जास्त वजन पेलतो असं मनात धरून चालू नका. याच मापात ९१ चा एक्स्ट्रा लोड टायर मिळतो, ६१५ किलोचा, तोच मागा. तेवढाच भार पेलण्यासाठी त्याच्यात हवा थोडी जास्त भरावी लागते.

१७ वरच जीव असेल तर ७ जे, ईटी ४० आणि २०५/४५ आर१७ इतकंच, त्यातही ८८ चा एक्स्ट्रा लोड. रिम बाहेर १८ मिमी जाईल, मागच्या फेंडरची आतली किनार दुमडावी लागेल. ती हीट गनने रंग गरम करून दुमडायची, नाहीतर रंग तडकतो आणि पहिल्याच पावसाळ्यात काळी माती तिथे बसून गंज धरतो. दुमडल्यावर आतून प्रायमर लावाच.

रिमचं मधलं भोक हबच्या मापाचं नसेल तर सेंटर रिंग घाला, नाहीतर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरेल आणि तुम्ही बॅलन्सिंगच्या दुकानांत फेऱ्या मारत राहाल. नटाचा बसण्याचा आकार रिमशी जुळतो का तेही बघा, कोनाकार की गोल. स्पेसर (रिम आणि हबमध्ये घालायची चकती) शक्यतो नको. घातलाच तर १२ मिमीच्या स्टडवर नट निदान तेवढाच, १२ मिमी आट्यांत गेलाय हे मोजून घ्या.

बसवणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. लोअर आर्मच्या रबर बुशचे बोल्ट गाडी लटकत असताना कसायचे नाहीत. आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवून नव्या उंचीला आली की मग पूर्ण टॉर्क द्यायचा. नाहीतर बुश कायमची पिळलेली राहते, गाडी चुकीच्या उंचीवर बसते आणि सहा महिन्यांत बुश फाटते.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या किनारीपर्यंत मोजा, म्हणजे टायर आणि हवा यांचा फरक त्यात येत नाही. कंपनीच्या सस्पेन्शनवर चारही चाकांची ही मापं आजच लिहून ठेवा, एकदा उघडल्यावर ती परत मिळत नाहीत.

कायद्याचं लपवून ठेवत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठळकपणे सांगितलं आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर हातात ठेवा. हेही एक कारण आहे की मी कंपनीच्या मापाच्या जवळ राहायला सांगतोय.

तुमच्या गाडीला मी सुरुवात करेन ती पुढे २० आणि मागे १५ मिमी खाली, १६ इंची चाकांवर. ३०० ते ५०० किलोमीटरमध्ये स्प्रिंगा बसतात, तेव्हा उंची पुन्हा मोजायची, कॉलर कसायची, मग अलाइनमेंट. पहिली अलाइनमेंट बसवल्या दिवशी टोपुरती करून घ्या, पक्की मात्र स्प्रिंगा बसल्यावरच. व्हील नट पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कने बघा. हेडलाइटची दिशाही तेव्हाच ठीक करा, गाडी पुढून जास्त खाली गेली की प्रकाश रस्त्यावर जवळच पडतो.

रिमचे पैसे द्यायच्या आधी दोन मापं कळवा. शॉकअपची पूर्ण दबलेली लांबी, कंपनीच्या आणि नव्याच्या, दोन्हींची, आणि खालचा ब्रॅकेट आट्यांवर आहे की नाही. तेवढ्यावरून चाक जुन्यापेक्षा किती वर जाणार ते मी मांडून सांगतो.